लव्हाळ्यासकट अंगण

मी, एपिफानिया दुमालुआन, कै. दाल्मास्यो दुमालुआन यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा माडीचा शिरका करून विकणे, राहणार कांबुयो, बोहोल बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण आटर्नी साबिनियानो म्हणतात की मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही, नशापाणी दिलेलं नाही. बुद्धी तपासण्यासाठी आटर्नींनी आजचा वार विचारला. मी म्हटलं, मंगळवार, उद्या राखेचा बुधवार, आणि तुमच्या शर्टाची बटणं वर-खाली लागली आहेत. त्यांनी बटणं नीट लावली आणि लिहायला सांगितलं.

कलम पहिले. मिळकत व चतुःसीमा.

लाकडी घर एक, त्यामागे अंगण. पूर्वेस चॅपेलचा रस्ता. उत्तरेस चॅपेल. दक्षिणेस ओढा, जो पावसाळ्यात स्वतःची हद्द विसरतो. पश्चिमेस तिबा.

आटर्नींनी ‘तिबा’ खोडून ‘प्रिमितिवा लुमांतास यांची मिळकत’ असं लिहायला सांगितलं. पण मिळकत गप्प बसते. माझ्या पश्चिमेला जे आहे ते गप्प बसत नाही. आत्तासुद्धा ते जास्वंदीच्या कुंपणावरून मान काढून विचारतं आहे की, ‘काय लिहितेस गं एवढं? तुझ्याकडे आहे तरी काय द्यायला?’ म्हणून चतुःसीमेत तिबाच राहील.

कलम दुसरे. हा खटाटोप कशासाठी.

मला मूलबाळ झालं नाही. ज्याला कायद्याने वाटा द्यावाच लागतो असं माझ्यामागे कोणी उरलेलं नाही, हे मी आटर्नींकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आहे. तरी माझ्या अंगणावर तिघांचा डोळा आहे. पहिला माझ्या बहिणीचा मुलगा रोगेल्यो. तो भाड्याच्या व्हॅन चालवतो आणि त्याला त्या इथे उभ्या करायच्या आहेत. दुसरी त्याची बहीण क्लारिता, शहरातली ब्यूटी पार्लरवाली. तिला इथे फरशी करून वर प्लास्टिकचं गवत अंथरायचं आहे, त्यावर छत्र्या लावून गिऱ्हाइकांना बसवायचं आहे. तिसरे चॅपेल समितीचे अध्यक्ष मानोंग, म्हणजे दादा, उर्बानो. त्यांना लग्नाच्या गाड्यांसाठी जागा हवी आहे. तिघांचे बेत वेगळे, पण सिमेंट एकच.

‘तिया, तण काढून काढून तुझ्या कंबरेचा काटा ढिला झाला,’ रोगेल्यो म्हणतो. तिया म्हणजे मावशी. ‘एकदा सिमेंट टाकलं की कटकट मिटली.’

‘आणि प्लास्टिकचं गवत बारा महिने हिरवं राहतं, तिया,’ क्लारिता म्हणते. ‘पाणी नको, खत नको.’

‘मग आधी माझ्यावरच अंथर की. मीही हिरवी राहीन,’ मी म्हटलं.

मानोंग उर्बानो असलं काही बोलत नाहीत. ते अंगणात उभे राहून नुसते वर आभाळाकडे बघतात आणि मग पावलांनी लांबी मोजतात.

तर सर्वांनी ध्यानात घ्यावं: माझ्या अंगणावर सिमेंट पडता कामा नये. हा कागद त्याचसाठी आहे. कारण पुढे येईल. कोणी पानं उलटून आधी शेवट बघू नये, विशेषतः क्लारिताने. ती मालिकांचंही तेच करते.

कलम तिसरे. लव्हाळा.

लव्हाळा ज्याने पाहिला नाही त्याने देवाचे आभार मानावेत. वर चार पाती, दिसायला गरीब. खाली जमिनीत काळ्या गाठींची माळ. वरून ओढला की पाती हातात येते आणि गाठी खाली बसून आपली चेष्टा करतात. एक गाठ राहिली तरी पुढच्या आठवड्यात ती सगळं गणगोत घेऊन वर येते.

हा आमच्याकडे आला तो तिबाने सेबूहून आणलेल्या गुलाबाच्या कुंड्यांतून. तिबाचं म्हणणं, तो माझ्या शिरक्याच्या रांजणांना लागलेल्या चिखलातून आला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. या वादाचा निकाल मी मेल्यावरही लागणार नाही, म्हणून माझी बाजू इथे शाईने लिहून ठेवते: कुंड्यांतून आला.

त्या दिवसापासून मी लव्हाळा उपटून तिच्या बाजूला फेकते आणि ती उपटून माझ्या. पण भांडणालाही रीतभात असते. आमचा एक नियम आहे. गवत कुठेही फेका, पण मुळांना चिकटलेली माती आधी झटकायची, आणि ज्याच्या अंगणातली त्याच्याच अंगणात. माती ज्याची त्याला. हा नियम तिबाने कधी मोडला नाही. बाकी तिने काही मोडायचं ठेवलेलं नाही, माझं स्टूलसुद्धा.

कलम चौथे. केलेले उपाय, वारसांच्या माहितीसाठी.

शिरका. माझ्या घरात शिरक्याला तोटा नाही. फार आंबलेला, विकण्यालायक न राहिलेला शिरका मी भर दुपारी पंपाने फवारला. संध्याकाळी पाती तपकिरी पडली. मी गल्लीभर सांगत सुटले की लव्हाळ्याचं मयत झालं, आणि शेजाऱ्यांना भजी खायला बोलावलं. तीही त्यांनी अंगणाच्या वासावरच खाल्ली, वेगळी चटणी लागली नाही. पुढच्या रविवारी लव्हाळा परत आला, पहिल्यापेक्षा तुकतुकीत. शिरक्याने वरचं जळतं, खालच्या गाठीला ढेकरही येत नाही. फरशीच्या फटीतल्या कोवळ्या तणाला मात्र शिरका चांगला. पंप कोळ्यांच्या संघाला द्यावा. त्यांना कशाला लागेल ते त्यांचं ते बघतील.

मीठ. तिबाचं माहेर मिठाच्या भट्टीचं. तिच्याकडे मडक्यात भाजलेल्या मिठाचे डोक्याएवढे गोळे असतात. माझा शिरका हरला हे ऐकून तिला उकळ्या फुटल्या. ती गोळा घेऊन आली. ‘सर बाजूला, मला बघू दे,’ म्हणाली आणि फोडून ओतला की पाण्यात कालवून! लव्हाळा मेला. त्याबरोबर माझी वांगी मेली, मिरच्या मेल्या, गांडुळं मेली. जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलं होतं, जमिनीवर चोळणारी हीच पाहिली. मग सगळ्यांत आधी त्या जागी काय उगवलं? लव्हाळा! ती जागा धुऊन निघायला कितीतरी पावसाळे गेले आणि मी त्यात नारळाची सोडणं कुजवून कुजवून ओतली. वारसांनो, मातीत मीठ घालू नका. मीठ डुकरावर घाला, भाजण्यापूर्वी.

पुठ्ठा. क्लारिताने शांपूचे रिकामे खोके आणून दिले. पुठ्ठे अंथरून वर केळीची पानं घातली. साध्या गवताला हा उपाय उत्तम, ते अंधारात गुदमरतं. लव्हाळ्याने सुईसारखं टोक काढून पुठ्ठा भोसकला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच! उरलेले खोके क्लारिताला परत करावेत. हे दान नव्हे, परतफेड आहे, असं आटर्नींच्या सल्ल्याने लिहिते.

उकळतं पाणी. केळी उकडलेलं पाणी फेकून न देता लव्हाळ्यावर ओतायचं ही कल्पना माझ्या दाल्मास्योची. पण आमच्याकडे जमिनीवर गरम पाणी ओतण्याआधी, जे आपल्याला दिसत नाहीत त्यांना ‘बाजूला व्हा हं’ म्हणून सांगावं लागतं. कुंपणालगतच्या वारुळात असले एक आजोबा राहतात. एका सकाळी दाल्मास्यो सांगायला विसरला आणि त्याने वारुळाच्या बुडाशी भांडं उलटं केलं. दुपारपर्यंत त्याचा खालचा ओठ पपईएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, तांबडी मुंगी चावली. वैदूबाई म्हणाल्या, आजोबा रागावले. दोघांनी मलम दिलं. दाल्मास्योने दोन्ही लावली आणि वर वारुळापाशी उकडलेलं अंडं आणि तंबाखू ठेवून माफी मागितली. ओठ उतरला. पण बोलताना तो इतका फफफ करायचा की तिबा कुंपणापलीकडे बसून पोट धरधरून हसली, आणि मला अजून राग आहे की मीही हसले.

तेव्हापासून वारुळाभोवती कुदळ घालायची कोणाची छाती होत नाही. हे लव्हाळ्याने बरोबर ओळखलं. सगळीकडून हाकलला की तो आजोबांच्या पाठीशी जाऊन लपतो, आणि पावसाबरोबर दोन्ही बाजूंना परत पसरतो.

डुकरीण. हिचं नाव सेन्योरा. तिला सोडली तर तिने गाठी अशा उकरून खाल्ल्या, जणू आम्ही तिच्यासाठीच पेरल्या होत्या. यासारखा उपाय नाही. नंतर ती कुंपणातून जाऊन तिबाचे गुलाब खाऊन आली. यासारखा दुसराही उपाय नाही.

शेवटी ज्याने गुण आला ते सांगते. कोरड्या दिवसांत जमीन खोल खणावी, गाठी वेचून पत्र्यावर कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. ओल्या टाकल्या तर तुमचं कल्याण. मातीत कुजलेला पाला घालावा. मग रताळ्याचे वेल दाट लावावेत. रताळ्याची पानं जमीन झाकतात आणि लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आणि रोज सकाळी अंगणात जावं. हा उपायाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि व्हॅनवाल्यांना, पार्लरवाल्यांना आणि अध्यक्षांना तो जमणार नाही.

कलम पाचवे. माझं क्रियाकर्म.

प्रार्थनेच्या दिवसांत येणाऱ्यांना रताळी आणि भाजलेलं डुक्कर द्यावं. सेन्योरा सोडून. शिरका माझाच ठेवावा, दुकानातला बाटलीबंद ठेवला तर मी उठून बसेन. मला दाल्मास्योशेजारी पुरावं आणि वरून भक्कम सिमेंट करावं. तेवढं एकच सिमेंट मला मंजूर आहे. जन्मभर लव्हाळा उपटला, निदान छातीवर नको.

कलम सहावे. कारण.

तिबाची मुलगी रोवेना जन्मली त्या दिवशी मोठं वादळ होतं. ओढा घरात शिरला होता आणि जास्वंदीचं कुंपण आडवं झालं होतं. सुईणीने बाळ पुसलं, बाळाची वार नारळाच्या करवंटीत घातली आणि रिवाजाप्रमाणे ती अंगणात पुरायला भर पावसात बाहेर गेली. कुंपण नाही, चिखल एकसारखा. तिबाचं अंगण कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं हे त्या बाईला कसं कळावं? पाऊस थांबला, कुंपण उभं केलं, तेव्हा लक्षात आलं. रोवेनाची वार माझ्या बाजूला पुरली गेली होती.

तिबाने थयथयाट केला. ‘उकरून इकडे आणा!’

सुईण म्हणाली, ‘एकदा पुरली ती पुरली. उकरली तर पोर भटकी होईल.’

आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की जिथे वार पुरलेली तिथे जीव ओढ घेतो. रोवेना रांगायला लागली ती कुंपणाखालून थेट माझ्या स्वयंपाकघरात. तिबा भात कालवून हाका मारी आणि पोर माझ्या मांडीवर बसून शिरक्यात बुडवलेला मासा चोखत असे. बाप्तिस्म्याला मीच तिची धर्ममाता झाले, त्यामुळे तिबा आणि मी रीतीने एकमेकींच्या ‘कुमारे’, म्हणजे देवासमोर जोडलेल्या बहिणी. तिबाने मला कुमारे म्हणावं तर दात ओठ खाऊन. ‘माझी पोर पळवलीस तू,’ म्हणते. ‘मी नाही, जमिनीने,’ मी म्हणते. पुढे बरोबर त्याच जागी वारूळ उठलं. आजोबा राखण करायला आले असं वैदूबाई म्हणाल्या.

रोवेना आता दूर थंडीच्या देशात म्हाताऱ्यांची सेवा करते. स्वतःच्या दोन म्हाताऱ्या इथे ठेवून. फोनवर मलाही आईच म्हणते, आधी विचारते, ‘नानाय, लव्हाळा कसा आहे?’ मी म्हणते, मजेत आहे, तूच ये आणि बघ. ती म्हणते, येणार, नक्की येणार. मग फोन तिबाकडे जातो आणि तिलाही ती तेच सांगते. फोन ठेवल्यावर आम्ही दोघी भांडतो की आधी मला विचारलं की तुला.

रोगेल्योने वारुळावर रॉकेल ओतून ते सपाट करायचं ठरवलं आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं. मला मरणाची भीती नाही. मला भीती एवढीच की पोरीची वार सिमेंटखाली गेली तर तिची ओढ तुटेल आणि ती यायची नाही. याला कोणी खुळेपणा म्हणो. बुद्धी शाबूत असल्याचं वर लिहिलेलंच आहे.

कलम सातवे. साक्षीदार.

मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात हे गावात कळलं तेव्हा माझ्या ओट्यावर रांग लागली.

‘तिया, माझ्याहून जवळचं कोण आहे तुला?’ रोगेल्यो म्हणाला.

‘त्याचं अक्षर घाण आहे, माझी सही बघ,’ क्लारिता म्हणाली.

‘नांग पानिंग, समितीचा शिक्का असला म्हणजे कागदाला वजन येतं,’ मानोंग उर्बानो म्हणाले (गावात मला पानिंग म्हणतात, नांग म्हणजे ताई) आणि शिक्का खिशातूनच काढला.

मी म्हटलं, तुम्ही तिघंही या. आटर्नींना जोराचा खोकला आला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त मी सही करताना बघायचं आणि स्वतः सही करायची, हे त्यांनी तिघांना समजावून सांगितलं. दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही. ती मी इथे लिहिते. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. कायदा आहे. मी केलेला नाही, पण ज्याने केला त्याला माझ्याकडून एक बाटली शिरका.

कलम आठवे. वाटणी.

घर, शिरक्याचे सगळे रांजण आणि तळाशी राखलेलं जुन्या शिरक्याचं विरजण माझी धर्मकन्या रोवेना हिला.

अंगण, त्यातली रताळी, वारूळ, वारुळातले आजोबा, लव्हाळा, खुरपं, कोयता आणि डुकरीण सेन्योरा, हे सर्व प्रिमितिवा लुमांतास ऊर्फ तिबा हिला, ती जिवंत असेपर्यंत. तिच्यामागे रोवेनाला.

आटर्नींनी विचारलं, ‘नक्की? यांच्याशी तर तुमचं वैर आहे.’ आहेच. ते कलम तिसरे आणि चौथे यांत नीट लिहिलेलं आहे. पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही अशी बाई गावात एकच आहे. लव्हाळ्याशी ती झोंबते ती माझ्यावरच्या रागाने, आणि मी गेल्यावरही तिचा राग जाणार नाही याची मला खात्री आहे. आणि त्या वारुळावर सिमेंट ओतायला कोणी आलं तर ती मिठाचा गोळा त्याच्या डोक्यात घालेल. हे काम दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी टाकणार नाही.

अटी दोन. रोज सकाळी आजोबांना ‘बाजूला व्हा हं’ म्हणून मगच हात घालायचा. आणि मीठ नाही. तिबा, ऐकलंस? चिमूटभर नाही.

हे मी पूर्ण समजून लिहिलं, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्या व एकमेकांच्या डोळ्यांदेखत केली. तिघंही खुशीत होते. उर्बानोंनी शिक्का दोनदा उमटवला.

सही: एपिफानिया दुमालुआन

साक्षीदार:
१. रोगेल्यो तुमुलाक
२. क्लारिता तुमुलाक-बागाइपो
३. उर्बानो कागांपांग, अध्यक्ष, चॅपेल समिती

माझ्यासमोर सह्या झाल्या: आटर्नी साबिनियानो गुये

स्थळ: माझा ओटा, कांबुयो, बोहोल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

पुरवणी. सहीनंतर आठवलेली नव्हे, सहीनंतर घडलेली. साक्षीदार मागच्या दारी भाजलेल्या डुकरावर (सेन्योरा नव्हे) तुटून पडले होते आणि कोणीतरी ओरडलं की मीठ संपलं. तिबा कुंपणातून आली, वाटीभर मीठ माझ्यासमोर आपटलं आणि उभी राहिली. डोळे भरलेले.

‘उर्बानो चालतो साक्षीला. ती रंगवलेली क्लारिता चालते. मी चालत नाही?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तू चालत नाहीस.’

‘एवढ्या वर्षांची कुमारे ना गं मी तुझी?’

दात ओठ न खाता म्हणाली. पहिल्यांदाच. मला बोलून टाकावंसं वाटलं, पण आटर्नींना पुन्हा खोकला आला आणि मी जीभ चावली. ती पाय आपटत परत निघाली. वारुळापाशी थांबली. ‘बाजूला व्हा हं, आजोबा,’ म्हणाली, वाकली आणि लव्हाळ्याचं एक रोप गाठीसकट अलगद उपटलं. मग कुंपणातून आपल्या बाजूला गेली आणि हात कुंपणावरून माझ्याकडे करून मुळांची माती झटकली, सगळी, अगदी कणन् कण माझ्या बाजूला.

वेडी. आता ती माती तिचीच आहे.

सही: ए. दुमालुआन